मोठे होण्यास मनाई : म्हैसूरच्या साबूची गोष्ट

‘साबू’ म्हटले की आजच्या वाचकाला चाचा चौधरींचा गुरू ग्रहावरून आलेला धिप्पाड सोबती आठवतो. त्यात वाचकाचा दोष नाही. परंतु १९४० च्या सुमारास लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या एखाद्या चित्रपटगृहाबाहेर हे नाव उच्चारले असते, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फेटा बांधलेला, हत्तीच्या मानेवर बसलेला, तोंडभर हसणारा एक सावळा मुलगा उभा राहिला असता. पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीत श्रेयनामावलीच्या अग्रभागी झळकलेला तो पहिला मोठा भारतीय तारा. कीर्ती त्याच्याकडे चालून आली तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता. विशीत ती ओसरू लागली आणि एकोणचाळिसाव्या वर्षी तो मरण पावला, तेव्हा त्याच्या जन्मभूमीतही त्याची आठवण पुसट झालेली होती.

ही कहाणी बहुधा एका वाक्यात आटोपली जाते : माहुताचा पोर तारा झाला, मोठा झाला, गोडवा संपला, लोक विसरले. बालकलाकारांच्या बाबतीत हे नेहमीचेच, असे म्हणून पुढे जाता येते. पण हे स्पष्टीकरण अपुरे आहे. साबूची कीर्ती वयाने मावळली असे म्हणण्यापेक्षा, ज्या नजरेने त्याला घडवले त्या नजरेत प्रौढ भारतीय पुरुषाला जागाच नव्हती, असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून आहे. तो पुरावा त्याच्या चित्रपटांतच आहे.

साबूचा जन्म २७ जानेवारी १९२४ चा, म्हैसूर संस्थानातल्या कारापूरचा. कबिनी नदीकाठचा हा जंगलपट्टा रानहत्ती पकडण्याच्या ‘खेड्ड्या’साठी प्रसिद्ध होता. वडील महाराजांच्या पदरी माहूत. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले आणि मुलगा संस्थानच्या हत्तीखान्यात वाढला. त्याच्या नावाबद्दलही गोंधळ आहे. पुष्कळ ठिकाणी ‘साबू दस्तगीर’ असे छापलेले आढळते. प्रत्यक्षात शेख दस्तगीर हे त्याच्या थोरल्या भावाचे नाव. पडद्यावर मात्र तो आयुष्यभर नुसता ‘साबू’च राहिला, आडनावावाचून.

१९३५ मध्ये रॉबर्ट फ्लाहर्टी म्हैसूरला आले. ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) या माहितीपटाने जगभर नाव कमावलेला हा अमेरिकी दिग्दर्शक लंडनच्या अलेक्झांडर कोर्डा यांच्यासाठी किपलिंगच्या ‘जंगल बुक’ संग्रहातील ‘तुमाई ऑफ द एलिफंट्स’ या कथेवर चित्रपट करणार होता. महाराजांच्या सरकारने सढळ हाताने मदत केली. चित्रीकरणासाठी रानहत्तींचा खेड्डाही घडवून आणला. कथेतल्या छोट्या तुमाईसाठी मुलगा शोधताना छायाचित्रणकार ऑस्मंड बोराडेल यांची नजर हत्तीखान्यातल्या साबूवर गेली. मुलाला अभिनय शिकवावा लागला नाही असे तेव्हा कौतुकाने लिहिले गेले. हत्तीशी कसे बोलावे, सोंडेवरून मानेवर कसे चढावे, हे तर तो जन्मापासून जाणत होता. पण हत्ती वळवणे वेगळे आणि कॅमेऱ्यासमोर सहज राहणे वेगळे. ‘त्याने अभिनय केलाच नाही, तो मुळात तसाच आहे’ या कौतुकात त्याच्या कामाचे श्रेय अलगद काढून घेतले गेले, आणि पुढे सत्तावीस वर्षे हे असेच चालले.

१९३६ मध्ये त्याला आणि भावाला लंडनला नेण्यात आले. डेनम येथील स्टुडिओत अलेक्झांडरचे बंधू झोल्टान कोर्डा यांनी उरलेले प्रसंग चित्रित केले. इंग्लंडमध्ये जंगल उभारले गेले. १९३७ मध्ये ‘एलिफंट बॉय’ प्रदर्शित झाला. व्हेनिसच्या महोत्सवात फ्लाहर्टी आणि झोल्टान कोर्डा यांना दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले, पण लोकांच्या लक्षात राहिला तो साबू. कथानकात तुमाईचा बाप मरतो, मुलगा पोरका होतो, आणि त्याच्या गुणांची पारख करणारा, त्याला जवळ करणारा असतो पीटरसन साहेब. साम्राज्याने स्वतःविषयी सांगितलेली ही आवडती गोष्ट होती. भारत हे गुणी पण पोरके लेकरू, आणि साहेब त्याचा पालक. साबू खरोखरच पोरका होता, खरोखरच साहेबांनी शोधलेला होता. पडद्यावरची गोष्ट आणि जाहिरातीतली गोष्ट एकमेकींत इतक्या मिसळल्या की त्याला त्यातून बाहेर पडणे पुढे कधी जमले नाही.

लगोलग १९३८ मध्ये आला ‘द ड्रम’. रंगीत, भव्य, वायव्य सरहद्दीवरचा. सरहद्दीचे डोंगर बरेचसे वेल्समध्ये चित्रित झालेले, हा भाग वेगळा. साबू येथे राजपुत्र अझीम आहे. त्याचा दुष्ट काका इंग्रजांचा घात करू पाहतो आणि अझीम नगारा वाजवून इंग्रज मित्रांना सावध करतो. चांगला भारतीय तो, जो आपल्याच माणसांविरुद्ध साहेबाला इशारा देतो, आणि असा भारतीय लहान मुलगाच असू शकतो. मोठे ते सगळे कपटी. हे गणित मुंबईच्या प्रेक्षकाने तत्काळ ओळखले. १९३८ मध्ये मुंबईत या चित्रपटाविरुद्ध निदर्शने झाली, मद्रासमध्येही विरोध झाला आणि त्याचे प्रदर्शन थांबवावे लागले. मुंबईहून निघणाऱ्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे संपादक बाबूराव पटेल अशा साम्राज्यवादी चित्रपटांवर आसूड ओढत होते. तो संताप रास्तच होता. मात्र त्या वादळात एक चौदा वर्षांचा मुलगा कुठल्या बाजूला उभा होता, याचा विचार करायला कोणाला सवड नव्हती. परदेशात तो ‘त्यांचा’ लाडका होता, मायदेशात ‘त्यांच्या’ चित्रपटातला. हा तिढा नंतर त्याला फार महाग पडला.

‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) हे त्याच्या कीर्तीचे शिखर. चित्रीकरण डेनमला सुरू झाले, महायुद्ध पेटले आणि कोर्डांनी उरलेला पसारा अमेरिकेत हलवला. काही दृश्ये ग्रँड कॅन्यनच्या परिसरात घेतली गेली. साबू येथे अबू नावाचा भुरटा चोर आहे. बाटलीतून निघालेल्या राक्षसाला तो युक्तीने परत बाटलीत कोंडतो, देवीच्या मूर्तीवरचे रत्न पळवतो, उडत्या गालिच्यावरून येऊन दुष्ट वजीर जाफरचा निकाल लावतो. या चित्रपटाला तीन ऑस्कर मिळाले, छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि विशेष दृश्यपरिणाम या विभागांत. डिस्नेचा ‘अलादिन’ (१९९२) पाहताना जाफर आणि अबू ही नावे कोठून आली असा प्रश्न पडला असेल, तर उत्तर येथे आहे. फक्त तोवर अबूचे माकड झाले होते.

या चित्रपटाची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. सगळी साहसे अबूची. राजकन्या मात्र अहमदला मिळते, आणि अहमद आहे जॉन जस्टिन हा गोरा इंग्रज अभिनेता. शेवटी राज्याचा वजीर होऊन शाळेत बसण्याची वेळ येते तेव्हा अबू गालिच्यावर बसून पळून जातो. बालप्रेक्षकाला याहून सुंदर शेवट दुसरा नाही. पण साबू तेव्हा सोळा वर्षांचा होता. आणि कथेने त्याच्यासाठी प्रेम, सत्ता, शिक्षण या मोठेपणाकडे नेणाऱ्या तिन्ही वाटा बंद करून त्याला आकाशात सोडून दिले होते.

१९४२ च्या ‘जंगल बुक’मध्ये तो मोगली झाला. मिक्लोश रोझा यांच्या संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा संच निघाला, त्यावर निवेदन साबूच्या आवाजात होते. हत्तीखान्यात वाढलेल्या मुलाचा इंग्रजी आवाज अमेरिकी दिवाणखान्यातल्या ग्रामोफोनवर वाजत होता! त्याच्या लोकप्रियतेचा याहून बोलका दाखला सापडणार नाही. त्यानंतर युनिव्हर्सल कंपनीत त्याने मारिया माँतेझ आणि जॉन हॉल यांच्यासोबत ‘अरेबियन नाइट्स’ (१९४२), ‘व्हाइट सॅव्हेज’ (१९४३) आणि ‘कोब्रा वूमन’ (१९४४) केले. चित्रपट भडक, रंगीत, धंद्याला उत्तम. तिन्हींत नायक जॉन हॉल, नायिका माँतेझ, आणि साबू नायकाचा चपळ, हसतमुख सोबती. ‘कोब्रा वूमन’मध्ये तर त्याच्या जोडीला चिंपांझी आहे. हे करताना तो एकोणीस-वीस वर्षांचा, पिळदार अंगाचा तरुण होता. पाहणाऱ्यांना त्याचे तारुण्य दिसत होते, पटकथेला दिसत नव्हते.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. शर्ली टेंपलसुद्धा मोठी झाल्यावर विस्मरणात गेली. मग साबूच्या बाबतीत वर्णाचा प्रश्न कशासाठी? आक्षेप वजनदार आहे, आणि बालतारकांचे पुढे अवघड होते हे खरेच. पण शर्ली टेंपलला तरुण प्रेयसीच्या भूमिका मिळाल्या. त्या चालल्या नाहीत, हा प्रेक्षकांचा निवाडा. एलिझाबेथ टेलर, ज्युडी गार्लंड, मिकी रूनी यांना मोठेपणीच्या भूमिका मिळाल्या आणि त्या चालल्या. साबूच्या बाबतीत प्रेक्षकांपर्यंत प्रश्न पोचलाच नाही. १९३४ पासून कडक अंमल सुरू झालेल्या हॉलिवूडच्या आचारसंहितेत भिन्नवर्णीय प्रेमसंबंध दाखवण्यास बंदी होती. अक्षर गोऱ्या-काळ्यांपुरते असले तरी व्यवहारात तिची सावली आशियाई कलावंतांवरही पडे. ‘द गुड अर्थ’ (१९३७) या चिनी कथानकाच्या चित्रपटात नायक गोरा ठरला, म्हणून चिनी वंशाच्या अ‍ॅना मे वाँग हिला नायिका होता आले नाही. ती भूमिका लुईझ रायनरने चेहरा रंगवून केली आणि ऑस्कर पटकावले.

याहून बोचणारी तुलना कोर्डांच्याच घरात सापडते. मर्ल ओबेरॉन ही १९११ मध्ये मुंबईत जन्मलेली अँग्लो-इंडियन मुलगी. तिला कोर्डांनी ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ (१९३३) मध्ये पुढे आणले, १९३९ मध्ये तिच्याशी विवाह केला. ‘द डार्क एंजल’साठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. ‘वुदरिंग हाइट्स’ची ती नायिका. पण जगाला सांगण्यात आले होते की तिचा जन्म टास्मानियाचा. आपले भारतीयत्व तिने जवळजवळ आयुष्यभर लपवले. एकाच निर्मात्याने, एकाच दशकात, भारतातून आलेल्या दोन कलावंतांना तारे बनवले. जिने मूळ झाकले ती नायिका झाली. ज्याचे मूळ हीच जाहिरात होती तो मुलगाच राहिला. यात कोर्डांना खलपुरुष ठरवण्याचे कारण नाही. ते स्वतः हंगेरीतून आलेले ज्यू स्थलांतरित होते, आणि बाजाराला काय खपते हे त्यांना चांगले कळत होते. प्रश्न बाजाराचाच आहे.

पडद्याबाहेर साबू झपाट्याने मोठा झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात भारतीयांना ‘गोरे’ मानण्यास, म्हणजेच नागरिकत्वास, नकार दिला होता. भारतीयांसाठी ते दार सर्वसाधारणपणे खुले करणारा कायदा १९४६ चा. साबूला नागरिकत्व मिळाले १९४४ मध्ये. तो हवाई दलात भरती झाला, बी-२४ बाँबफेकी विमानावर तोफची म्हणून पॅसिफिक आघाडीवर लढला आणि ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे शौर्यपदक घेऊन परतला. आता तो अमेरिकेचा सैनिक होता, पदकधारी प्रौढ पुरुष होता. हॉलिवूडने परत आलेल्या साबूला काय दिले? पुन्हा फेटा, पुन्हा प्राणी.

अपवाद एकच, आणि तोही इंग्लंडमधला. पॉवेल आणि प्रेसबर्गर यांचा ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७). हिमालयातल्या मठात शिकायला येणारा, अत्तर लावणारा, थोडा नखरेल, थोडा भाबडा ‘यंग जनरल’ त्याने झकास रंगवला आहे. चित्रपटाचे नावच त्याच्या रुमालावरच्या अत्तराचे. येथे त्याला प्रेमकथाही मिळाली. फक्त त्याची प्रेयसी कांची म्हणजे चेहऱ्याला रंग लावलेली इंग्रज अभिनेत्री जीन सिमन्स. चित्रपटाच्या अखेरीस जोगिणी मठ सोडून पावसात डोंगर उतरतात. तो त्या वर्षीच्या उन्हाळ्याआधीच लंडनमध्ये पडद्यावर आला आणि पुढे काही आठवड्यांतच इंग्रजांनी भारत सोडण्याची तारीख जाहीर झाली. हा योगायोग समीक्षकांनी पुष्कळदा नोंदवला आहे. साबूच्या दृष्टीने त्याचा अर्थ अगदी व्यवहारी होता. साम्राज्याच्या साहसकथांचा बाजारच उठत होता. ‘भोळा, निष्ठावंत एतद्देशीय मुलगा’ ही भूमिका मुलगा मोठा झाला म्हणून संपली, तशीच ती ज्या देशाची होती तो देश वयात आला म्हणूनही संपली.

नंतरची यादी वाचवत नाही. ‘द एंड ऑफ द रिव्हर’मध्ये तो ब्राझीलचा आदिवासी झाला. ‘मॅन-ईटर ऑफ कुमाऊँ’ (१९४८) आला. त्यात जिम कॉर्बेटच्या पुस्तकाचे नाव आहे, पुस्तक नाही. ‘साँग ऑफ इंडिया’, ‘सॅव्हेज ड्रम्स’, इटलीत जाऊन केलेला हत्तीवरचा एक विनोदी चित्रपट, लंडनच्या हॅरिंगे सर्कशीत हत्तींसह काम, आणि मग ‘जंगल हेल’सारखे अगदी सुमार चित्रपट. १९५७ च्या ‘साबू अँड द मॅजिक रिंग’मध्ये तेहतीस वर्षांचा साबू पुन्हा राजवाड्यातल्या तबेल्यात काम करणारा पोऱ्या झाला.

त्याच वर्षी मुंबईत प्रदर्शित झालेल्या एका चित्रपटात त्याची खरी भूमिका होती. मेहबूब खान आपल्या ‘औरत’ (१९४०) या चित्रपटाची नवी आवृत्ती करणार होते आणि बंडखोर धाकटा मुलगा बिरजू म्हणून त्यांनी साबूची निवड केली होती. साबू मुंबईला आला, काही महिने हॉटेलात राहून वाट पाहत बसला. भारतात काम करण्याचा परवाना मिळाला नाही. १९४४ मध्ये ज्या नागरिकत्वासाठी तो त्याच्या देशबांधवांच्या दोन वर्षे पुढे होता, त्याच नागरिकत्वाने त्याला जन्मभूमीत परका ठरवले. बिरजू सुनील दत्तने केला आणि ‘मदर इंडिया’ इतिहासात गेला. सुनील दत्तच्या बिरजूला उणे लेखण्याचे कारण नाही. पण सावकाराच्या वह्या जाळणारा, हातात बंदूक घेणारा, आईच्याच गोळीने मरणारा तो संतप्त तरुण साबूला मिळाला असता, तर वीस वर्षांत प्रथमच त्याला कोणाही साहेबावाचून, कोणाही प्राण्यावाचून, एका भारतीय कथेच्या मध्यभागी उभे राहता आले असते. सरकारी नियमाला ही बाब दिसणे शक्य नव्हते. परंतु चित्रपटसृष्टीच्या आपल्या इतिहासांतही या प्रसंगाला एखाद्या गमतीदार तळटीपेपेक्षा अधिक जागा क्वचितच मिळते, हे खटकते. परदेशी कॅमेऱ्याने त्याला मोठे होऊ दिले नाही हे म्हणणे आपल्याला सोपे वाटते. आपल्याकडेही एक दार होते आणि ते उघडले नाही, हे त्याच दमात सांगायला हवे.

साबू परत लॉस एंजेलिसला गेला. हॉलिवूडच्या पदपथावर १९६० मध्ये त्याच्या नावाचा तारा बसला, पण कामे तुरळकच मिळत राहिली. २ डिसेंबर १९६३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. शेवटचा चित्रपट ‘अ टायगर वॉक्स’ त्याच्या मृत्यूनंतर, १९६४ मध्ये पडद्यावर आला. निर्मिती डिस्नेची. सर्कशीतून निसटलेल्या वाघाच्या त्या गोष्टीत साबू आहे राम सिंग, प्राण्यांची भाषा जाणणारा भारतीय. तीन वर्षांनी त्याच कंपनीने ‘द जंगल बुक’ काढला. या खेपेचा मोगली चित्रकारांनी कागदावर रेखाटलेला होता आणि त्याला आवाज दिग्दर्शकाच्या मुलाने दिला होता.